बुडबुडेताईंचं साबणपाणी

घरगाड्यांच्या त्या कारखान्यात ताईंचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच उरलं नव्हतं. फिटरपासून मालकीणबाईंपर्यंत सगळे त्यांना बुडबुडेताई म्हणत. फाटकावरच्या पहारेकऱ्याने एकदा त्यांच्या घरून आलेल्या फोनवर "या नावाचं इथं कुणी नाही" असं ठासून सांगितलं होतं. तेव्हा त्यांचे यजमान पलीकडून म्हणाले, "अहो, ती साबण लावते ती," आणि मग कुठे निरोप पोचला.

घरगाडी म्हणजे लांबट व्हॅनमध्ये बसवलेला अख्खा संसार. मागे दोन पलंग, हातभर ओटा, दोन बर्नरची शेगडी, कपबशा आपटू नयेत म्हणून कड लावलेली फळी. आणि पलंगाखाली पत्र्याच्या बंद खोक्यात गॅसवर चालणारा हीटर. गाडी घेऊन माणसं महिना महिना भटकतात, थंडीच्या गावी दारंखिडक्या घट्ट लावतात, हीटर सुरू करतात आणि बिनघोर झोपतात. त्या झोपेतली बिनघोरी बुडबुडेताईंच्या हातातून जायची.

काम ऐकायला अगदीच साधं. फिटरने गॅसची नळी जोडली की ताई ब्रश साबणपाण्यात बुडवून प्रत्येक जोडाला फेस चोपडायच्या. मग त्या जोडाकडे साठ आकडे मोजेपर्यंत बघत बसायच्या. कुठे गॅस झिरपत असेल तर फेसातून टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा वर येतो. तो दिसला की जोड पुन्हा खोलायचा. नाही दिसला तर गाडीच्या कार्डावर तारीख आणि सही. बाकीच्या कारखान्यांत म्हणे वीस आकड्यांत उरकतात. ताईंचे साठ म्हणजे साठ, तेही घाईघाईने मोजलेले नव्हेत.

"ताई, बास करा आता," एखादा फिटर म्हणायचा, "लाजला तो जोड. किती बघाल त्याच्याकडे!"

"लाजू दे की. लाजलेला चालेल, गळका नको," ताई नजर न हलवता म्हणायच्या. "आणि तू बोललास म्हणून माझा आकडा चुकला. आता पुन्हा एकपासून."

या कामावर त्या आल्याही गमतीनेच. चौतिसाव्या वर्षी कारखान्यात लागल्या होत्या त्या गाड्यांचे पडदे शिवायला. एका तयार गाडीत पलंगाशी बसून पडद्याचं माप घेताना त्यांना वास आला. फिटर म्हणाला, "नव्या रंगाचा वास आहे हो, बाई." ताई उठल्या. मोरीवर जाऊन हात धुवायच्या साबणाचा ओंजळभर फेस करून आणला आणि हीटरच्या जोडावर थापला. फेसातून एकामागून एक बुडबुडे येऊ लागले. गाडी दुसऱ्या दिवशी एका कुटुंबाच्या ताब्यात जायची होती. त्या वेळी आत्ताच्या मालकीणबाईंचे वडील कारखाना बघायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पडदे कुणीही शिवेल. बाईंना ब्रश द्या."

त्याला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत ताईंची सही असलेल्या एकाही गाडीची गॅसची तक्रार आली नव्हती. ताई हे कधी बोलून दाखवत नसत, पण चहाच्या सुट्टीत दुसऱ्या कुणी बोलून दाखवलं तर त्यांना मुळीच वाईट वाटत नसे.

चार वर्षांपूर्वी मात्र एक पत्र आलं होतं. एका गिऱ्हाइकाने हौसेने हीटरचं खोकं उघडून बघितलं होतं आणि आतल्या लखलखीत तांब्याच्या नळीवर त्याला पांढरे ओघळ दिसले होते. "आम्हांला वापरलेली गाडी विकलीत काय?" असं त्याने लिहिलं होतं. ते साबणाचे वाळलेले डाग होते, बाकी काही नाही. फोरमनने पत्र वाचून हसून बाजूला ठेवलं. ताईंना काही हसू आलं नाही. घरी आल्या त्या धुसफुसतच.

घरात माणसं तीन. ताई, बस चालवून निवृत्त झालेले यजमान, आणि यजमानांची थोरली बहीण, म्हणजे ताईंच्या वन्सं. वन्संनी सारा जन्म एका मोठ्या ऑफिसच्या काचा चकचकीत ठेवण्यात घालवला होता. जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे त्या आधी डाग आहे का म्हणूनच बघत.

"डाग राहतात म्हणे! राहणारच," वन्सं म्हणाल्या. "नुसत्या साबणाला कोण विचारतो? त्यात काचेचं निळं पाणी घाल की गं वहिनी. बघ, पुसायचीसुद्धा गरज नाही." आणि लगेच ओट्याच्या नळावर प्रयोग करून दाखवला. फेस सुकला आणि नळ असा चकाकला की त्यात ताईंना स्वतःचा चेहरा दिसला.

दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या बाटलीत साबण, पाणी आणि निळं पाणी. कार्डावर रकाना होताच, 'साबणपाणी: नवे / जुने'. ताईंनी त्या दिवशी 'नवे' लिहिलं. बाटलीत काय आहे हे विचारायची पद्धत नव्हती आणि सांगायचीही. साबणपाण्याला कोण कृती विचारतं? त्यानंतर डागाची तक्रार कधी आली नाही आणि ताईंनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

यंदा थंडी सुरू व्हायला सहाएक आठवडे असताना एकाच आठवड्यात तीन गाड्यांची पत्रं आली. तिन्हींत मजकूर तोच. हीटर लावला की गॅसचा वास. सुदैवाने तिघांनीही वेळीच सिलिंडर बंद केला होता, कुणाला काही झालं नव्हतं. फोरमनने गाड्या आणवल्या, खोकी उघडली. तिन्ही ठिकाणी हीटरच्या जोडाच्या पितळी नटाला चीर गेलेली. तिन्ही नट एकाच पुरवठादाराच्या एकाच पोत्यातले निघाले.

सभा भरली मालकीणबाईंच्या खोलीत. खोली म्हणजे काय, एक टेबल, सहा खुर्च्या आणि भिंतीवर गाड्यांचे नकाशे. मालकीणबाई वडिलांसारख्याच कमी बोलणाऱ्या, पण ऐकताना चष्मा काढून ठेवणाऱ्या.

"पोतं खराब," फोरमन म्हणाला. "त्या पोत्यातले नट चौऱ्याऐंशी गाड्यांना लागलेत. चौऱ्याऐंशी गाड्या परत बोलावू, नट बदलून देऊ. नटवाल्याला मी खरमरीत पत्र टाकलंय." मग ताईंकडे वळून मऊ आवाजात, "ताई, तुमच्या नावाला काही धक्का नाही हं. तुम्ही तपासला तेव्हा जोड ठणठणीत होता. कार्डावर सही आहे."

ताईंनी मान हलवली. टेबलावर ते तीन नट ठेवले होते. त्यांनी सहज एक उचलला आणि सवयीने खिडकीच्या उजेडात धरला. चीर केसासारखी बारीक होती. पण ताई बघत होत्या चिरेच्या कडेचा रंग. निळसर हिरवा, अगदी पुसट. हा रंग त्यांनी कुठेतरी पाहिला होता.

कुठे, ते आठवलं. ओट्याच्या नळाखाली! गेल्या वर्षी नळ गळायला लागला म्हणून नळवाल्याला बोलावलं होतं. त्याने नळाखालचा पितळी नट काढून हातात दिला होता. दोन तुकडे झालेले, कडेला हाच निळसर हिरवा रंग. "काय ओतता हो यावर?" असं तो म्हणाला होता. वन्संनी त्याला, "तुला काय करायचंय, तू नळ बसव," म्हणून गप्प केलं होतं. आणि तो नळ वन्सं रोज निळ्या पाण्यानेच पुसायच्या.

"नट खराब नाहीत," ताई म्हणाल्या.

"काय?"

"मला वाटतं नट चांगले आहेत. माझं पाणी खराब आहे." आणि त्यांनी बाटलीत काय काय असतं ते सांगितलं.

मालकीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. मग फोरमनला हसू आवरेना. "साबणाने पितळ फुटायला लागलं तर उद्या हात धुतल्यावर बोटं गळून पडतील, ताई! काहीतरीच आपलं. बरं, शेगडीच्या जोडालाही तुम्ही हेच पाणी लावता ना? नटही तसलाच. तो का नाही फुटला?"

ताईंनी नट पुन्हा उजेडात धरून बघितला. 

मालकीणबाईंनी चष्मा पुसला. "निळं पाणी कधीपासून घालताय?"

"चार वर्षं."

"म्हणजे गाड्या किती?"

"मोजाव्या लागतील. सहाशेच्या वर."

फोरमनने कपाळाला हात लावला. सहाशे गाड्या परत बोलावणं म्हणजे दोन महिने नवी गाडी बनवायचीच नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "चौऱ्याऐंशींना पत्रं आजच जाऊ देत. नट प्रयोगशाळेत पाठवू, पण त्यांचं उत्तर यायला सहा आठवडे लागतात. ताई, नुसत्या वाटण्यावर सहाशे घरांत मी पत्र पाठवू शकत नाही. मला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी आणा. पंधरा दिवसांत आणलंत तर थंडीच्या आत जमेल."

बसमध्ये ताईंना बसायला जागा मिळाली, पण त्या उभ्याच राहिल्या. डोक्यात एकच चाललं होतं, शेगडीचा जोड का नाही फुटला? सहा आठवड्यांनी थंडी पडेल. त्यांच्या सहीच्या सहाशे गाड्यांत सहाशे हीटर पेटतील. चौऱ्याऐंशी सोडून बाकीच्यांना कुणी सांगितलेलंच नसेल.

घरी सांगितल्यावर यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे बघ, दोन वर्षांत तुझी निवृत्ती. सगळं खापर त्या नटवाल्यावर फुटतंय, तुला कुणी काही म्हणत नाही. तू आपणहून कशाला मान पुढे करतेस?"

"तुम्ही बस चालवत होतात ना," ताई म्हणाल्या. "ब्रेक मऊ लागतोय असं वाटलं की काय करायचात?"

"बस उभी करायचो."

"नुसतं वाटलं तरी?"

"वाटलं तरीच. खात्री व्हायची वाट बघितली तर ती भिंतीवरच व्हायची." बोलून झाल्यावर यजमानांच्या लक्षात आलं की आपण स्वतःच्याच तोंडाने हरलो. ते उठले आणि कपाटातून पाना शोधायला लागले.

वन्सं मात्र दारातच उभ्या होत्या, तोंड आंबट करून. "म्हणजे माझ्यामुळे झालं म्हण की सरळ! मीच सांगितलं होतं ना निळं पाणी."

"तुम्ही काच पुसायला सांगितलं असतं तर मी काच पुसली असती, वन्सं. बाटलीत ओतणारा हात माझा."

"तिथे माझं नाव घेतलंस का?"

"नाही."

"घे की मग," वन्सं एकदम म्हणाल्या. "एकटीने सगळं श्रेय खाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेल्या आणि एका अर्धवट गाडीत पलंगाखाली आडव्या झाल्या. शेगडीचा जोड बघितला, हीटरचा बघितला. नट तोच, नळी तीच. शेगडीचा जोड उघड्यावर, वारा लागणारा. हीटरचा बंद खोक्यात. आणि हीटरच्या जोडावर तपासणी झाली की फिटर फोमची जाड नळी चढवत, हादऱ्याने खडखड होऊ नये म्हणून. ताईंनी एका कालच तपासलेल्या गाडीतला फोम बोटांनी दाबला. बोटं ओली झाली. नाकाशी नेली, तर काचेच्या पाण्याचा तो झणझणीत वास. शेगडीवरचं पाणी पाच मिनिटांत उडून जात होतं. हीटरपाशी ते फोम पिऊन बसायचा, पुढे किती आठवडे कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या सहा बरण्या मांडल्या गेल्या. प्रत्येकीत नळीचा तुकडा आणि त्यावर आवळलेला एक नट. आवळण्याचं काम यजमानांचं. तीस वर्षं मोठं स्टिअरिंग फिरवलेले हात. ताईंनी बजावलं, "उगाच पहिलवानकी नको. फिटर आवळतात तेवढंच." पहिलीत नुसता साबण. दुसरीत ताईंचं पाणी लावून उघडं ठेवलेलं. तिसरीत आणि चौथीत ताईंचं पाणी, फोम, आणि वर झाकण. पाचवीत निखळ निळं पाणी. सहावीत काहीच नाही.

"ही कशाला रिकामी?" वन्सं म्हणाल्या.

"ती काहीच न करता फुटली तर नट खराब, माझं पाणी नव्हे."

"म्हणजे तू देवाकडे काय मागायचं, फुटू दे की नको?"

ताई बरण्यांकडे बघू लागल्या. खरंच, काय मागायचं? सहावी फुटली तर त्या सुटतील. तिसरी फुटली तर एकोणीस वर्षं पुसली जातील. पण तिसरी फुटलीच नाही आणि मालकीणबाईंना दाखवायला काही उरलं नाही, तर त्या सहाशे गाड्यांचं काय?

"जे आहे ते दिसू दे एवढंच," त्या म्हणाल्या.

बरण्यांची राखण वन्संनी आपणहून पत्करली. दिवसातून चारदा भिंग घेऊन बघायच्या आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहायच्या. शेजारीण दुपारी कशाला तरी आली तर तिला बरणीला हातही लावू दिला नाही. "संशोधन चाललंय," म्हणाल्या. पाचव्या दिवशी निखळ निळ्या पाण्यातला नट चिरला. वन्संनी थेट कारखान्यात फोन लावला आणि पहारेकऱ्याला सांगितलं, "बुडबुडेताईंना म्हणावं, पाचवी गेली!" त्याने बिचाऱ्याने घरात काही वाईट घडलं असं समजून ताईंना धावत आणलं.

पण निखळ पाण्यावर सिद्ध काही होत नव्हतं. ताईंच्या बाटलीत ते पातळ असायचं. सात, आठ, नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी यजमान म्हणाले, "बघ, पातळ पाण्याने नाही होत. तू निर्दोष आहेस." ताईंना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला. तेराव्या दिवशी सकाळी दूध तापत असताना त्यांनी तिसऱ्या बरणीचं झाकण काढलं, फोम सारला आणि नट उजेडात धरला.

चीर. केसासारखी. कडेला निळसर हिरवा रंग.

चौथ्या बरणीतही तेच. पहिली, दुसरी, सहावी मात्र जशीच्या तशी. दूध उतू गेलं आणि वन्संनी, आयुष्यात पहिल्यांदाच, ओट्यावरच्या डागाकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी बरण्या कापडी पिशवीतून, पेपरात गुंडाळून, मालकीणबाईंच्या टेबलावर आल्या. ताई एकेक बरणी पुढे करत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "शेगडीचा जोड का फुटत नाही विचारलं होतंत. ही दुसरी बरणी. हेच पाणी, पण वाऱ्यावर."

फोरमनने दुसरीतला नट फिरवून फिरवून बघितला. मग तिसरीतला. त्याचा चेहरा उतरला होता, पण माणूस प्रामाणिक. "फोम चढवायची पद्धत माझी," तो हळूच म्हणाला. "तुमच्या एकटीचं नाही हे."

"तुमचा फोम कोरडा होता हो. ओला मी केला. बरं, ही यादी." ताईंनी कागद पुढे सरकवले. 'साबणपाणी: नवे' लिहिलेल्या त्या दिवसापासूनचं प्रत्येक कार्ड त्यांनी रोज जेवणाच्या सुट्टीत बसून उतरवून काढलं होतं. "सहाशे अकरा. तुमच्या चौऱ्याऐंशी यातच आल्या."

मालकीणबाईंनी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाचून झाल्यावर फोरमनला म्हणाल्या, "नव्या गाड्या थांबवा. सगळी माणसं नट बदलायला." आणि ताईंना, "पत्राचा मसुदा तयारच आहे. फक्त कारण बदलू. 'तपासणी द्रवातील त्रुटीमुळे' लिहू का?"

ताईंनी मसुदा हातात घेतला. 'आमच्या सन्माननीय ग्राहकांस कळविण्यात अत्यंत खेद होतो की' अशी सुरुवात होती. हीटर लावू नका, हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात होतं.

"कारण राहू दे बाजूला," त्या म्हणाल्या. "इथवर कुणी वाचायचंच नाही. पत्र येतं तेव्हा बाईच्या एका हातात लाटणं नाहीतर पोर असतं. पहिलीच ओळ वाचून ती पत्र फळीवर ठेवते. म्हणून पहिल्या ओळीत लिहा, 'गाडीतला हीटर लावू नका.' मोठ्या अक्षरात. मग खाली, 'वास येत नसला तरी लावू नका.' खेद वगैरे त्यानंतर."

"आणि कारण?"

"जे आहे ते. तपासायला वापरलेल्या साबणपाण्याने नट चिरतो. लोकांना कळतं."

पत्रं तशीच गेली. आणखी एक पत्र ताईंनी फोरमनला खुर्चीत बसवून लिहायला लावलं, नटवाल्याला. तुमचे नट चांगले होते, आमचं चुकलं. फोरमन कुरकुरला, "आधीचं पत्र फार छान जमलं होतं हो."

"म्हणूनच हे जास्त छान जमायला हवं."

पुढचे पाच आठवडे कारखान्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. ज्यांनी गाडी विकली होती त्यांच्याकडून नव्या मालकाचा पत्ता काढायचा, तो परगावी असेल तर तिकडच्या मेकॅनिकला नट पाठवून समजावून सांगायचं. फोनवर बसायला माणसं कमी पडली तेव्हा वन्सं आल्या. नाकावर चष्मा, हातात यादी. "हीटर लावलात का? नाही ना? खरं सांगा हं, मला आवाजावरून कळतं." एका गिऱ्हाइकाने गाडी परत आणतो म्हणून तीन वेळा टाळलं. चौथ्या वेळी वन्संनी त्याच्या आईचाच नंबर मिळवला. गाडी दुपारी हजर.

प्रत्येक गाडीतला जुना नट निघाला की गाडीच्या नंबराची चिठ्ठी बांधून ट्रेमध्ये जायचा. नवा नट, कोरडा फोम, आणि तपासणीला दुकानातून आणलेलं, पितळेला चालतं असं डब्यावर छापलेलं द्रव. तेही ताई साठ आकडे झाल्यावर फडक्याने कोरडं करत. मध्येच प्रयोगशाळेचं उत्तर आलं. आठ पानं होती. मालकीणबाईंनी ती चाळली आणि एकच शब्द वाचून दाखवला, अमोनिया. काचेच्या पाण्यात तो असतो आणि आवळलेल्या पितळेला तो चिरतो. "आठ पानांत तेच लिहिलंय," त्या म्हणाल्या, "जे तुमच्या बरण्यांत होतं."

पाचव्या आठवड्याच्या शेवटी एकदा फोरमन जेवणाच्या सुट्टीत बाकावर चढला. हातात ट्रेचा हिशोब. "ऐका रे सगळे. आजवर पाचशे त्र्याण्णव गाड्या झाल्या. चिरलेले नट अडतीस. त्यातले माझ्या त्या चौऱ्याऐंशीत किती, माहितीये? नऊ." त्याने जरा श्वास घेतला. "एकोणतीस बाहेरचे. माझं ऐकलं असतं तर या एकोणतीस गाड्यांना कुणी पत्रच पाठवलं नसतं. आणि काल पहाटे कडाक्याची थंडी पडली." एवढं बोलून तो खाली उतरला आणि आपला डबा उघडायचं विसरून तसाच बसला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण फिटरांपैकी एकजण उठला आणि ताईंच्या पेल्यात पाणी ओतून गेला. मग दुसऱ्याने बाक जरा सरकवून त्यांना उन्हाची जागा करून दिली. ताईंनी मान खाली घालून जेवण चालू ठेवलं. 

त्याच दुपारी पाचशे चौऱ्याण्णवावी गाडी आली. मालक एक निवृत्त पोस्टमास्तर, बरोबर त्यांची बायको. दोघं वर्षातले सहा महिने गाडीतच राहायची. आत पुस्तकांची फळी, खिडकीत लोकरीचं अर्धवट विणकाम. ताईंनी पलंगाची फळी उचलली, फोम सारला, नट काढला आणि उजेडात धरला. चीर इतकी रुंद की नख अडकेल.

"वास नाही आला तुम्हांला?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघंही नाकाने बाद," पोस्टमास्तरांची बायको हसत म्हणाली. "मला दोन वर्षं कसलाच वास येत नाही, आणि यांना कधी येतच नव्हता. परवा डोंगरात जायला निघणारच होतो. पिशव्या भरून झाल्या होत्या. तेवढ्यात तुमचं पत्र आमच्यामागे गावोगाव फिरत एकदाचं पोचलं. मी आपली पहिली ओळ वाचली आणि यांना म्हटलं, चावी ठेवा खाली."

पोस्टमास्तरांनी नट हातात घेतला. बराच वेळ बघितला. जन्मभर इतरांची पत्रं पोचवलेला माणूस, शब्द जपून वापरणारा. "ही चूक कुणाची?"

"माझी," ताई म्हणाल्या. "साबणपाण्यात मी नको ते घातलं. या कार्डावर सही आहे ती माझीच."

"आणि लक्षात कुणाच्या आलं?"

"माझ्याच."

पोस्टमास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायकोने ओट्याकडे बोट केलं. ते ताईंकडे वळले. "मग असं करा," ते म्हणाले, "आमच्या शेगडीचा जोडसुद्धा बघून टाका. आणि सिलिंडरचाही. तुम्हीच बघा, बाई. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

ताईंनी ब्रश घेतला आणि वाकून शेगडीखाली शिरल्या. बाहेर पोस्टमास्तर काहीतरी बोलायला लागले, तशी त्यांच्या बायकोने त्यांच्या दंडाला धरून त्यांना गप्प केलं. आत ताई मोजत होत्या.